सलग चार तास

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, उरलेल्या रजा संपवायच्या म्हणून
मी सांगलीहून भडंगाचे दोन पुडे आणि एक बोलायची गोष्ट घेऊन
प्रज्वलाकडे आले, विक्रोळीला, कन्नमवार नगरात.
चौदावा मजला. दारावर अर्ध्या उंचीपर्यंत
खडूनं काढलेलं काहीतरी.
"तो हत्ती आहे," मिहिका म्हणाली. "तू कोण?"

मी कोण.
तुझ्या आईच्या सात नंबरच्या खोलीतली
खिडकीकडची कॉट.
हे तिला सांगून काय उपयोग.
"मावशी," म्हटलं, आणि भडंग पुढे केलं.
ते तिखट निघालं. पहिली भेट अशी नासली.

तीन दिवस आम्ही नुसती वाक्यं सुरू केली.
"तुला आठवतं, कुंटे सरांच्या तासाला..."
कुकरची शिट्टी.
"खरं सांग, तू तिकडे..."
ढब्बूनं रिमोट तोंडात घातला.
"मला ना कधी कधी असं..."
निनादचा फोन: पाव आणू का, किती आणू.
चौथं वाक्य कुणाचं होतं, तेही विसरलो.

निनाद भला माणूस. मला "अहो" म्हणायचा,
रात्रीची भांडी घासायचा,
आणि नऊ वाजले की न बोलता सगळ्या खिडक्या लावायचा.
वारा फिरला की कांजूरकडून डंपिंगचा वास येतो.
"सवय होते," म्हणाला.
मग थोड्या वेळानं, "होत नाही खरं तर."

दिवसा खिडकीतून खाडी दिसायची,
काठानं हिरवी जाड पट्टी.
"आई, ती कसली झाडं?"
जिनं अख्ख्या वर्गाला पानाच्या देठावरून कुळं सांगितली,
जिच्या वहीवर मी दोन परीक्षा काढल्या,
ती फरशीवरचा वरणभात पुसता पुसता म्हणाली,
"हिरवी."
मला राग आला. कुणाचा, ते कळेना.

तिसऱ्या रात्री तीनला ढब्बू रडायला लागला.
प्रज्वला उठली, भिंतीला धरून उभी राहिली,
डोळे मिटलेलेच.
"दे इकडे. बाटली कुठाय ते सांग आणि पड."
तिनं वाद घातला नाही.
हॉस्टेलात शेवटच्या लाडवावरूनसुद्धा घालायची.

सोफा ते फ्रीज, फ्रीज ते सोफा.
सव्वातीनला मी त्याला सांगितलं:
हे बघ ढब्बू, आमचं वेगळं व्हायचं ठरलंय.
कागद झालेत. घरी अजून कुणाला माहीत नाही.
आणि वाटलं होतं तेवढं रडू आलं नाही रे,
त्याचीच भीती वाटते.
त्यानं माझ्या चष्म्याची काडी धरली,
विचार केल्यासारखं केलं,
मोठ्या माणसासारखी ढेकर दिली
आणि खांद्यावर ओला डाग करत झोपून गेला.
हाताला मुंग्या आल्या. मी हलले नाही.
खाडीपलीकडे ऐरोलीचे दिवे एकेक करून फिके होत गेले.

साडेसातला ती बाहेर आली,
केस एका बाजूला चपटे, गालावर उशीचा वळ.
"चार तास," म्हणाली. "सलग. चार तास झोपले गं मी,"
काश्मीरहून आल्यासारखी.
मग आलं किसताना, पाठमोरी:
"काहीतरी सांगायला आलीयेस तू. दारातच कळलं मला."
"ढब्बूला सांगितलंय."
"बरं. तो बोलायला लागला की विचारीन."
आणि हसली, ती सात नंबरमधली, नाकातून, घोड्यासारखी.
मीही हसले. हसता हसता तिनं किसणी ठेवली
आणि माझा दुधानं कडक झालेला खांदा
धरून उभी राहिली.
चहा उतू गेला. गेला तर गेला.

निघताना मिहिकानं माझ्या पिशवीत एक कागद कोंबला.
हायवेला लागल्यावर उघडला.
कढीपत्त्याची एक डहाळी, जखमेच्या पट्टीनं चिकटवलेली,
खाली तेच बारीक तिरकं अक्षर:
कुळ, रुटेसी. स्थळ, फ्रीज, खालचा कप्पा.
संग्राहक, मिहिका.

तारीख घालायला विसरली होती.
कुंटे सरांनी अर्धा मार्क कापला असता.